सोप्यातला समुद्र

उन्हाळा कडक झाला की संकेतचा फोन येतो, हे आता ठरूनच गेलंय. होळी झाली, रसवंतीच्या घुंगरांचा आवाज रस्त्यावर यायला लागला, दुपारी सांगलीचे रस्ते ओस पडायला लागले की समजायचं, पोरगा आता फोन करणार. आणि "कशी आहेस आत्या" एवढंही न विचारता म्हणणार, "आत्या, नायट्रेट परत वाढलंय."

संकेत माझ्या मामेभावाचा मुलगा. विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये त्यानं समुद्र पाळलाय. काचेची लांबलचक टाकी, वर निळे दिवे, परदेशी मीठ, गाळून गाळून जीव गेलेलं पाणी, आणि त्यात डोलणारी प्रवाळं. त्याची बायको म्हणते, "आत्या, ह्यांनी माझ्याकडं कधी इतका वेळ टक लावून बघितलं नाही." मी गेले की तो चिमुकल्या नळीत टाकीतलं पाणी घेतो, दोन-तीन बाटल्यांमधले थेंब टाकतो, घड्याळ लावून नळी हलवतो. पाणी हळूहळू गुलाबी होत जातं. जितकं गुलाबी तितकं नायट्रेट जास्त, आणि तितका संकेतचा चेहरा पडलेला. मी सवयीनं म्हणते, "माझ्या वेळेला पिवळं व्हायचं." तो हात जोडतो. "आत्या, गोष्ट नको, उपाय सांग." आता ह्याला काय सांगू! गोष्टीतच उपाय आहे, पण ऐकायला वेळ कुणाला आहे?

त्याला नाही तर नाही, तुम्हाला सांगते.

सत्तरच्या दशकातले ते उन्हाळे. मी साताऱ्याची, वडील पोस्टात. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झाले आणि सांगलीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. राहायला आप्पामामांकडे. मामांचं गाव कृष्णाकाठी, सांगलीपासून एसटीनं जवळच. घरचा ऊस, घरचं गुऱ्हाळ, मामेभाऊ फौजेत, त्यामुळे एवढ्या ऐसपैस घरात मामा, मामी आणि मी. साताऱ्याच्या दोन खोल्यांमधून आलेल्या मला पुढचा सोपा, म्हणजे ती लांबरुंद ओसरी, मैदानच वाटायची. दाराशी रिकाम्या बैलगाड्या, परड्यात गुळाचा वास, आणि घराला लागून मामांची विहीर.

ह्या विहिरीचं कौतुक मामांना किती होतं म्हणून सांगू! दारात पाऊल टाकलेल्या माणसाला आधी तांब्याभर पाणी. तो प्यायला की मामा विचारणार, "कसं हाय पाणी?" आता पाणी कसं असणार? पाण्यासारखं! पण तसं म्हणायची सोय नव्हती. पाहुण्यानं मान डोलवून "ग्वाड हाय, लय ग्वाड" म्हटल्याशिवाय चहा पुढं येत नसे. मामांचा ऊस तालुक्यात उंच, त्यांच्या गुळाचा रंग पिवळाधमक, आणि हे सगळं त्या विहिरीच्या पाण्यानं, असं ते छातीठोक सांगत. खतही ते हात राखून टाकत नसत. युरियाची पोती आली की मामांच्या अंगात उत्साह संचारायचा.

मामी जतची. तिकडं पाणी म्हणजे काय असतं हे तिच्याकडून ऐकावं. पावसावरची ज्वारी, मेंढरं, आणि टँकर कवा येतोय म्हणून रस्त्याकडं लावलेले डोळे. लग्न होऊन ती कृष्णाकाठी आली आणि पहिल्यांदा घाटावर नेली तेव्हा नदी बघून तिथंच पायरीवर बसली म्हणे, उठायलाच तयार नाही. मग कुणीतरी तिला सांगितलं की ही एवढी नदी समुद्राला मिळते आणि समुद्राला त्याचं काहीच वाटत नाही. झालं! तेव्हापासून मामीनं एकच मागितलं होतं. ना बिलवर, ना पैठणी. "मला एकदा समुद्र दावा." मामांचा गूळ ट्रकनं आंबा घाट उतरून रत्नागिरीला जायचा. "पुढच्या गाडीला जाऊ," मामा म्हणत. पुढच्या गाडीला पोराचा ताप, त्याच्या पुढच्या गाडीला सासूचं आजारपण, असं करत करत वर्षं गेली. आणि मग मामीला जिना चढताना दम लागायला लागला. मिरजेच्या डॉक्टरांनी काळीज तपासून सांगितलं, झडप खराब आहे, घाटाचा प्रवास बंद, दगदग बंद. मामी हसून म्हणाली, "बरं झालं बाई, मला न्हाई तरी घाटात मळमळतंय." मामा हसले नाहीत.

त्यानंतर काही दिवसांनी गावच्या लोहाराकडून एक लोखंडी चौकट घरी आली. त्यात काचा बसवल्या, सांध्यात लांबी भरली, लोखंडाला खारं पाणी खाईल म्हणून वर डांबर फासलं. मामी विचारते, "हे काय, शोकेस करताय व्हय?" मामा डांबर फासत राहिले. गुळाच्या ढेपा घेऊन ट्रक रत्नागिरीला गेला, सोबत मामा गेले, आणि परत आले ते दुधाच्या कॅनमधून समुद्र घेऊन. एका रिकाम्या डब्यात ओले दगड, त्यावर कसलीशी तपकिरी बोंडं चिकटलेली, आणि चार पट्ट्यापट्ट्यांचे चिमुकले मासे. ओहोटीला धोतर खोचून ते स्वतः खडकात उतरले होते. गुडघे सोलवटून निघालेले, पण चेहरा असा की जणू मुलखावर स्वारी करून आलेत.

मामीनं पहिल्या कॅनमध्ये बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. "अय्यो! खरंच खारट हाय की वो!" एवढंच म्हणाली, आणि पदर डोळ्यांना लावला. मामा म्हणाले, "तुला घाट उतरता येत न्हाई, तर त्यो चढून आलाय. आता बघ कवाबी." माझ्या मामांना मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींसाठी मानलं, पण त्या एका वाक्यासाठी सगळ्यांत जास्त.

सोप्याच्या छपरात एक काचेचं कौल होतं. सकाळी ऊन त्यातून तिरपं खाली यायचं. मामांनी टाकी बरोबर त्या उन्हात ठेवली आणि मामीची बाजही समोर आणली. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऊन पडलं आणि त्या बोंडांनी डोळे उघडले. अहो, काय सांगू! एकेक बोंड म्हणजे बटणाएवढं फूल, मधे हिरवागार डोळा, भोवती झालर. दगडभर फुललेली. हाताची सावली पडली की मिटायची, सावली हटली की पुन्हा उघडायची. मामीनं त्यांना बटनफुलं नाव दिलं. ती फुलं नव्हतीच खरं म्हणजे, जिवंत प्राणीच ते, प्रवाळांचे भाऊबंद. मी ते पुस्तकात वाचलेलं सांगितलं तर मामी म्हणाली, "मग तर जास्तच जपाय पायजे."

इथं मला एक सांगितलं पाहिजे. आम्ही जैन. आमच्या घरात पाणी फडक्यानं गाळल्याशिवाय वापरत नाहीत, हे पुष्कळांना माहीत असतं. पण त्याच्या पुढचं फार कमी जणांना माहीत असतं. गाळून झालं की ते फडकं उलटं करून वरून पाणी ओततात, आणि फडक्यावर राहिलेले बारीक जीव त्या पाण्याबरोबर पुन्हा त्याच विहिरीत सोडतात. त्याला जिवाणी म्हणतात. ज्या पाण्यातला जीव, त्या पाण्यात परत. मामी हे रोज करायची, दम लागत असला तरी. त्यामुळे मासे बघून तिला जितका आनंद झाला तितकीच धाकधूकही झाली. ती मामांना म्हणाली, "माझ्यापायी ह्यास्नी घर सोडाय लावलंसा. आता ह्यातला जीव जाता कामा नये. हितं त्यास्नी सोसवंना असं दिसलं, तर माघारी न्हिऊन सोडायचं. जिवाणी करायची ह्या समद्यांची."

मामांनी मान डोलवली आणि कामाला लागले. ती सेवा बघण्यासारखी होती. हवेसाठी एक छोटा विजेचा पंप आणला होता, पण आमच्या गावची वीज, तिचा भरवसा काय! मग मामांनी ट्रकची जुनी ट्यूब हवेनं टम्म भरून टाकीमागं ठेवली, आणि तिच्या तोंडाला मिरजेच्या दवाखान्यातली सलाईनची नळी जोडली. सलाईनला ते बोटानं फिरवायचं चाक असतं ना, त्यानं हवा कमी-जास्त करता यायची. वीज गेली की मामा चाक सोडायचे आणि टाकीत बुडबुडे सुरू. पाहुणे विचारायचे, "कोण आजारी हाय?" मामा सांगायचे, "समुद्राला सलाईन लावलंय."

खाणं मात्र शाकाहारी. भिजवलेल्या कणकेच्या बारीक गोळ्या. तळाशी शंखात राहणारा एक खेकडा होता, तो पडलेलं वेचून खायचा, त्याचं नाव मामीनं झाडूवाला ठेवलं होतं.

उन्हाळा आला. वरचं कौल तापायचं, सोप्यात झळ यायची, आणि टाकीतलं पाणी रोज डोळ्यादेखत खाली जायचं. मी मामांना सांगितलं होतं की उडतं ते नुसतं पाणी, मीठ मागंच राहतं, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. मामांना हे फार आवडलं. गोडं पाणी म्हणजे त्यांच्या विहिरीचंच! रोज सकाळी ताजं शेंदायचं, दुहेरी फडक्यानं गाळायचं, कळशी धरून सावकाश धार सोडायची. मामी बाजेवरून बघत असायची. "हळू वो, फुलं दचकतील." मामांच्या हातून बैलाच्या पाठीवर चाबूक कसा पडत असेल असा प्रश्न पडावा, इतक्या हळू ते पाणी घालायचे.

आणि तरीही फुलं मिटायला लागली.

आधी एका कडेची. मग दगडाच्या मागची. काचेवर हिरवा बुळबुळीत थर यायला लागला, पुसला की परत यायचा. ट्रक समुद्राचं ताजं पाणी घेऊन आला की दोन दिवस फुलं जराशी उघडायची, पुन्हा मिटायची. मामी ऊन पडायच्या आधीच उठून बसायची आणि काचेला डोळे लावायची. "आज उघडतील," म्हणायची. ऊन यायचं, सरकायचं, भिंतीवर चढून निघून जायचं. आजारी माणसाच्या खोलीत दुसरं आजारपण आल्यासारखं झालं होतं ते.

एका सकाळी चारांतला एक मासा तळाशी आडवा पडलेला दिसला. मी आणि मामा दोघंच होतो, मामी मोरीकडं गेलेली. मी हळूच म्हटलं, "मामा, उद्या गाडी रत्नागिरीला जातीय. तसलाच दुसरा आणता येईल." मामा माझ्याकडं असे बघत राहिले की मला आपण बोललो त्याची लाज वाटली. "तिला फसवून समुद्र दावू व्हय गं?" म्हणाले. मामी आली तेव्हा त्यांनी तिला हाताला धरून बसवलं आणि सांगितलं, "एक गेला गं."

मामीनं वाकून त्या माशाकडं बघितलं. मग म्हणाली, "आजून एक जीव गेला, की पुढच्या गाडीनं समदं माघारी धाडा. माझी शपथ हाय. मी बघितला समुद्र. पोट भरलं माझं." तिचं पोट भरलं नव्हतं, हे आम्हाला दिसत होतं. तिला बाजेवर ती टाकी सोडून बघायला होतं काय दुसरं?

आता माझ्यावर आलं. घरात रसायनं शिकलेली मीच ना! कॉलेजातल्या आमच्या सरांना विचारलं, जुनी पुस्तकं काढली. माशांची घाण, उरलेलं अन्न, हे सगळं कुजून शेवटी नायट्रेट होतं आणि पाण्यात साठत जातं, हे त्यात लिहिलेलं होतं. ते मोजायला कुचल्याच्या बियांतून काढतात ती कडूजहर पूड आणि तीव्र गंधकाम्ल लागायचं. नळीत नायट्रेट असेल तितका पिवळा रंग चढतो. टाकीतलं पाणी बाटलीत भरून नेलं, आणि रंग आला तो थेट हळदीचा. समुद्राच्या ताज्या पाण्याची नळी शेजारी जवळजवळ बिनरंगाची.

घरी येऊन मी मामांना म्हटलं, "खाणं जास्त होतंय." आणि खरंच होत होतं! आमच्याकडं बस्तीत, म्हणजे आमच्या देवळात, जाऊन येणारी प्रत्येक बाई वाटेत सोप्यात डोकवायची आणि चिमूटभर कणीक टाकीत टाकून पुण्य मिळवून जायची. मुक्या जिवाला खायला घालणं वाईट कसं म्हणायचं? मामांनी मात्र दारातच खुर्ची टाकली. "काकू, पुण्य पायजे तर बाहीर मुंग्यास्नी साखर घाला. हितं टाकलंसा तर पाप लागंल." बायका तोंड वाकडं करून जायच्या. आम्ही खाणं निम्म्याहून कमी केलं, थर खरवडला, समुद्राचं पाणी जास्त बदललं. पुन्हा बाटली भरून नेली. रंग जरा उतरला, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा होता तिथं आला. आणखी एक मासा वर येऊन तोंड उघडत-मिटत फिरायला लागला. मामी त्याच्यावरून नजर हलवेना.

मी वैतागून म्हटलं, "मामा, तुमच्या टाकीत घाणच फार आहे." मामांना ते लागलं. घाण! त्यांच्या घरात! दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याबरोबर एसटीत चढले. डोक्यावर पांढरी टोपी, हातात घासून लख्ख केलेली बाटली. "ह्यात काय?" मी विचारलं. "आपल्या हिरीचं पाणी. त्या नळ्यांच्या शेजारी ठेव. चांगलं पाणी कसं आसतंय, तुमच्या कालिजातल्या लोकास्नी बी कळू दे."

उन्हाळ्याच्या सुटीतली रिकामी प्रयोगशाळा. मामा टोपी काढून स्टुलावर बसले, बस्तीत बसावं तसे. मी तीन नळ्या मांडल्या. एकीत ऊर्ध्वपातित पाणी, एकीत टाकीतलं, एकीत विहिरीचं. गोड्या पाण्याच्या दोन्ही नळ्यांत बरोबरीसाठी मीठ घातलं, मग पूड, मग आम्ल. पहिली नळी तशीच राहिली. टाकीची पिवळी झाली. आणि मग विहिरीच्या नळीत रंग चढायला लागला. मला वाटलं, नळी नीट धुतली नसेल. पुन्हा धुतली, पुन्हा केलं. पुन्हा तेच. टाकीच्या रंगाच्या खालोखाल, कुणालाही दिसेल असा पिवळा.

मामा उठून जवळ आले. "ही कंची?"

दुसरीच कुठली तरी, असं सांगावंसं वाटलं. पण त्यांना खोटं चालत नाही हे मला नुकतंच कळलं होतं. "आपल्या विहिरीची, मामा."

ते वाकून त्या नळीकडं बघत राहिले. मग म्हणाले, "युरिया?" मी मान डोलवली. उसाला घातलेलं सगळं उसाला लागत नाही, उरलेलं पाटाच्या पाण्याबरोबर जमिनीत मुरतं, नायट्रेट होऊन विहिरीत उतरतं. फडक्यानं जीव गाळला जातो, हे नाही गाळलं जात. मी हे सांगत होते आणि मामांचा चेहरा बदलत होता. "थांब," म्हणाले. "पाणी उडून जातंय, आन् ह्ये मागं ऱ्हातंय. रोज कळशीबरूबर नवं येतंय, जुनं जात न्हाई. व्हय ना? आगं, म्हंजी आपल्या खालच्या पट्टीगत झालं की!" खालच्या पट्टीत पाणी पाजून पाजून मीठ वर फुटलं होतं, जमीन पांढरी पडली होती, तिथं आता गवतही धड येत नव्हतं. तेच टाकीत चाललं होतं, आणि ते मामांच्याच हातानं, सगळ्यांत मायेनं केलेल्या कामातून. परतीच्या एसटीत बाटली त्यांनी मांडीवर घट्ट धरली होती. मी म्हटलं, "ओतून टाका की आता." म्हणाले, "आसू दे. मामीला दावायचीय."

त्यांनी मामीला सगळं सांगितलं, एक शब्द न चोरता. मामी म्हणाली, "म्हंजी माशांची कायच चूक न्हवती." तिनं शपथ मागं घेतली नाही, पण त्या दिवशी पहिल्यांदा तिच्या बोलण्यात धीर आला.

आता बिनखताचं पाणी आणायचं कुठून? चहूकडं ऊस. मला माझं साताऱ्याचं घर आठवलं. तिथं नळाला डोंगरावरच्या कास तलावाचं पाणी. मी जाऊन बाटलीभर आणलं, तपासलं, नळीत रंगच नाही. मग काय! शनिवारी दुपारी साताऱ्याला जायचं, रविवारी दोन कॅन घेऊन परत. वडील चाळीतल्या नळावर नंबर लावून कॅन भरून ठेवायचे आणि शेजारणींना सांगायचे, "मेव्हण्याच्या समुद्राला कमी पडलंय." एसटीचा कंडक्टर तर पहिल्या दिवशी अवाक झाला. "काय हाय ह्यात? दूध?" म्हटलं, पाणी. "पानी? साताऱ्यास्नं सांगलीला? कृष्णामाई आटली काय वो बाई?" सगळी गाडी हसली. मग मी टाकीची आणि फुलांची सगळी गोष्ट सांगितली. उंब्रजला एक फौजी चढला, त्याला बसायला जागा हवी म्हणून कॅन सरकवायला गेला, तर कंडक्टरच ओरडला, "ए जवान, हळू! समुद्र हाय त्यो!" पुढं पुढं तोच माझ्यासाठी मागची जागा धरून ठेवायचा आणि विचारायचा, "उघडली का फुलं?"

उघडली. ताज्या समुद्राच्या पाण्यानं टाकी बदलली, भर साताऱ्याच्या पाण्याची. तो वर येऊन फिरणारा मासा आधी खाली गेला, मग नीट पोहायला लागला. आणि एका सकाळी ऊन पडलं तशी मामीची हाक आली. मी स्वयंपाकघरातून पिठाच्या हातानं पळत आले. कडेचं एक फूल अर्धं उघडलेलं. मग शेजारचं. मामा काचेशी उकिडवे बसले होते, आणि एवढा थोराड माणूस, हुंदके देऊन रडत होता. मामी त्यांना म्हणाली, "आवं, गप बसा, फुलं दचकतील." आणि स्वतःच रडायला लागली.

गोष्ट इथं संपली असती. माझ्यापुरती संपलीच होती. पण दुपारी मामीनं मला बाजेशी बोलावून विचारलं, "त्या माशास्नी त्ये पाणी बंद केलंस, लय चांगलं केलंस. आन् आमास्नी? आमी त्येच पितोय न्हवं?"

बी. एस्सी. झालेली मी, हा प्रश्न मला पडला नव्हता. मामा दारात उभे होते, त्यांनी ऐकलं. संध्याकाळी बस्तीत गेले आणि नियम घेऊन आले. आमच्यात नियम घ्यायची रीत आहे, कुणी गूळ सोडतं, कुणी मीठ सोडतं. मामांनी स्वतःच्या विहिरीचं पाणी सोडलं. "जवा ह्ये पाणी मामीच्या फुलास्नी चालंल, तवाच मी तोंडाला लावीन." बस्तीमागच्या आडाचं पाणी मी तपासलं, फुलांना नाही तरी पिण्यापुरतं ते बरं निघालं. तेव्हापासून पिण्याच्या कळश्या तिथून. दारात आलेल्या माणसाला तांब्या आडाच्या पाण्याचा, आणि मामांनी पाणी कसं आहे हे विचारायचं सोडून दिलं.

एवढ्यावर थांबले नाहीत. विहिरीच्या वरच्या अंगाचा ऊस निघाला तसा पुन्हा फुटणारा खोडवा मोडला आणि तिथं ज्वारी पेरली, बिनखताची. जमिनीत साठलेलं ज्वारीनं ओढून घ्यावं म्हणून. कृष्णाकाठी, पाटाच्या पाण्याखाली, ज्वारी! गावानं तोंडसुख घेतलं. "बायकूच्या माशापायी ऊस मोडला आप्पानं." पारावर कुणी विचारलं, "आप्पा, जतला चाललाय का जतला आणताय?" मामा म्हणाले, "जतची आणलीया घरात, तिची ज्वारी बी आणली. तुमचं काय दुखतंय?" मामीनं ते ऐकलं तेव्हा तिच्या गालाला खळी पडलेली मी पाहिली. हुरड्याला तिनं बाजेवर बसून कोवळी कणसं चोळली, आणि म्हणाली, "माहेराला जाऊन आल्यागत झालं बघ."

मी दर दोन-तीन महिन्यांनी ती बाटली भरून नेत राहिले. रंग जात नव्हता. जमिनीत वर्षानुवर्षं घातलेलं एका पावसात थोडंच धुऊन निघतं? मामा विचारायचे, "काय म्हणतीया नळी?" मी म्हणायचे, "आहे अजून." ते "बरं" म्हणायचे आणि आडाकडं कळशी घेऊन जायचे. भर उन्हात स्वतःच्या विहिरीवर मोट चालवून, घाम पुसत, पाण्यासाठी गावात चालत जाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. एकदा मीच कळवळून म्हटलं, "घोटभर प्याल्यानं काही होत नाही, मामा." म्हणाले, "मला काय व्हायचं न्हाई गं. हिरीला कळाय पायजे."

दुसरा पावसाळा जोरात झाला. पुढची ज्वारी निसवली, कणसं बाहेर पडली, त्या सुमाराला मी पुन्हा नळ्या मांडल्या. ऊर्ध्वपातित पाण्याची नळी आणि विहिरीची नळी उजेडाला धरल्या. अगदी पुसट, असेल-नसेल असा रंग. कासच्या पाण्याच्या जवळपास. मी एसटीची वाट न बघता कुणाच्या तरी जीपमधून गावी आले. मामा शेतात होते. मामीला सांगितलं तर ती म्हणाली, "त्यास्नी बलाव. पर सांगू नगंस."

मामा चिखलाच्या पायांनी आले. मामीनं विहिरीचं पाणी गाळून तांब्या भरून घेतला होता. जिवाणी स्वतः जाऊन विहिरीत सोडून आली होती, त्यामुळे तिला धाप लागली होती. काचेच्या कौलातून ऊन आलेलं, दगडभर बटनफुलं उघडलेली. बाजेवरून उठून ती टाकीशी गेली आणि तांब्यातलं पाणी बारीक धारेनं टाकीत सोडलं. मामा "आगं, आगं" करत पुढं झाले. तिनं हात वर करून त्यांना थांबवलं. आम्ही तिघं बघत उभे. मासे वर येऊन धारेशी फिरून गेले. फुलं होती तशीच उघडी राहिली.

मामीनं निम्मा उरलेला तांब्या मामांच्या हातात दिला.

"आता प्या," म्हणाली.

मामांनी तांब्या दोन्ही हातांनी धरला, मान मागं टाकली आणि घटाघटा पाणी प्यायले. मिशीवरून ओघळ छातीवर आला. मामी त्यांच्याकडं बघत होती आणि हसत होती. मग तिनं विचारलं,

"कसं हाय पाणी?"